पार्लरच्या खुर्चीत बसण्याआधी

तुळशीचं लग्न झालं, मुहूर्ताच्या तारखा लागल्या की पार्लरचे फोन खणाणू लागतात आणि बहुतेक फोनवर प्रश्न एकच असतो: केराटिन करू की स्मूदनिंग? किती टिकेल, किती पैसे पडतील, हे ओघानं येतं. बाटलीत काय आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर ‘एकदम सेफ आहे मॅडम, इम्पोर्टेड आहे’ असं उत्तर मिळतं. इम्पोर्टेड असण्याचा सेफ असण्याशी काय संबंध, हे विचारायला मग संकोच वाटतो. तो संकोच जावा म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टाळूच्या वर दिसतो तो केस जिवंत नसतो. केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो धागा. त्याला रक्तपुरवठा नाही, म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत असतं ते टाळूच्या आतलं मूळ, आणि ते महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या गतीनं हा धागा बाहेर ढकलत असतं. कमरेपर्यंत वेणी असेल तर तिचं टोक म्हणजे पाच-सहा वर्षांपूर्वीचा केस. धाग्यावर वरून जे लावाल त्यानं चकाकी येईल, मऊपणा येईल, रंग येईल; पोषण होणार नाही. मुळाला हवं ते रक्तातून येतं, नाहीतर औषधातून. या धंद्यातली बहुतेक दिशाभूल ही दोन खाती एकत्र कालवण्यातून होते. ‘मुळापासून पोषण’ असं पुढे छापलेल्या कंडिशनरच्या बाटलीवर मागच्या बाजूला ‘टाळूला लावू नका, फक्त केसांच्या लांबीवर लावा’ अशी सूचना असते. पाहा वाचून.

केराटिन, स्मूदनिंग आणि बाकीची मंडळी

दरपत्रकावर स्ट्रेटनिंग, रीबाँडिंग, स्मूदनिंग, केराटिन, सिस्टीन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टी अशी नावं असतात आणि दर हंगामाला त्यांत एकाची भर पडते. (हेअर बोटॉक्समध्ये सुरकुत्यांच्या इंजेक्शनातलं बोटॉक्स नसतं, हे जाता जाता.) उपचारांच्या जाती मात्र ढोबळमानानं दोनच आहेत.

पहिली जात केसाची घडण बदलणारी. कुरळेपणा टिकून राहतो तो प्रथिनांच्या साखळ्यांमधल्या गंधकाच्या बंधांमुळे. रीबाँडिंगच्या आणि खऱ्या स्मूदनिंगच्या क्रीममध्ये अमोनियम थायोग्लायकोलेट किंवा त्याचं एखादं भावंड असतं. ते हे बंध तोडतं, मग केस इस्त्रीनं सरळ करतात, आणि न्यूट्रलायझर म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड लावून बंध नव्या जागी पक्के करतात. असा केस कायमचा सरळ होतो. ‘सात-आठ महिने टिकतं’ म्हणतात त्याचा अर्थ इतकाच, की तोवर मुळाकडून जुन्या वळणाचा केस बराच उगवलेला असतो आणि डोक्यावर दोन राज्यं दिसू लागतात. टचअपच्या वेळी क्रीम फक्त या नव्या वाढीला लावायचं असतं. आधी सरळ केलेल्या केसावर तेच क्रीम पुन्हा चढवलं तर बंध इतके सैल होतात, की ओला केस ताणला जातो आणि मधूनच तुटतो. कामाला हात घालण्याआधी हे स्पष्ट बोलून घ्या. क्रीम टाळूपासून जरा अंतर सोडून लावतात की नाही तेही आरशात पाहा. घाईतल्या हातांनी ते टाळूवर थापलं जातं आणि तिथे भाजतं.

दुसरी जात केराटिन ट्रीटमेंटची. नावावरून वाटतं, की केसातलं झिजलेलं केराटिन भरून काढतात. बाटलीत केराटिन असतंही, पण केस गुळगुळीत होण्याचं श्रेय त्याचं नाही. मूळच्या केराटिन ट्रीटमेंटमध्ये ते काम फॉर्मल्डिहाइड करतं: इस्त्रीच्या उष्णतेत ते प्रथिनांना एकमेकांशी जखडतं आणि केसावर गुळगुळीत थर बसतो. तो धुण्यागणिक झिजत तीन-चार महिन्यांत जातो. फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण म्हणजे फॉर्मलिन. वैद्यकीय महाविद्यालयात मृतदेह टिकवायला वापरतात ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडची गणना माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली. बाटलीवर हे नाव नसलं तरी हुरळून जाऊ नका. मिथिलीन ग्लायकॉल लिहिलं असेल तर तेही तेच. पाण्यात विरघळलं की फॉर्मल्डिहाइड त्या रूपात राहतं आणि तापवलं की पुन्हा वायू होऊन बाहेर पडतं.

इस्त्री फिरत असताना डोळे चुरचुरले, घसा खवखवला, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, खोलीत त्रासदायक वायू आहे. तुम्ही तो वर्षातून एक-दोनदा हुंगता. एसीसाठी खिडक्या बंद केलेल्या त्या छोट्याशा खोलीत काम करणारी मुलगी तो रोज हुंगते, लग्नसराईत दिवसातून अनेकदा. खिडकी उघडायला सांगा. मालकीण नाराज झाली तरी सांगा.

या बदनामीनंतर ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ केराटिन, नॅनोप्लास्टी आणि ‘ऑरगॅनिक’ ट्रीटमेंट बाजारात आल्या. त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत ग्लायॉक्सिलिक आम्ल असतं. त्याच्या दोन अडचणी आहेत. इस्त्रीच्या दोनशे अंशांपुढच्या उष्णतेत त्यातूनही फॉर्मल्डिहाइड सुटतं, म्हणजे ‘फ्री’ हा शब्द बाटली बंद असेपर्यंतच खरा. दुसरी अडचण अलीकडे कळलेली आणि जास्त गंभीर. केस सरळ करून घेतल्यानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झालेल्या २६ रुग्णांची माहिती इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली; हे रुग्ण २०१९ ते २०२२ या काळातले होते. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका तरुणीची हकीकत दिली. तिला तीन वेळा ट्रीटमेंटनंतर उलट्या, जुलाब, ताप आणि पाठदुखी झाली होती आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडाचं काम ढासळलं होतं. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून पाहिलं, तर त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. टाळूवाटे शोषलेल्या आम्लाचं शरीरात ऑक्झलेट होतं आणि ते मूत्रपिंडात साचतं, असा याचा अर्थ लावला जातो.

असे रुग्ण दुर्मीळ आहेत. लाखो बायका ट्रीटमेंट करून सुखरूप घरी जातात. पण घरी आल्यावर मळमळ, उलट्या, पाठीत कळ, लघवी कमी होणं यातलं काही झालं, तर ‘बाहेरचं खाल्लं म्हणून’ असं समजून घरगुती उपायांत वेळ घालवू नका. डॉक्टरांकडे जा आणि केसांचं आठवणीनं सांगा. डॉक्टर स्वतःहून ते विचारणार नाहीत.

माझं मत विचाराल तर, सरळ केस हवेतच असतील, केसांना ब्लीच झालेलं नसेल आणि हात सरावाचा असेल, तर केराटिनपेक्षा थायोग्लायकोलेटचं स्मूदनिंग मला कमी अप्रामाणिक वाटतं. ते केसाचं नुकसान करतं, आणि ते लपवत नाही. नुकसान झालेला केस कापता येतो. फक्त चार दिवसांच्या कार्यासाठी सरळ केस हवे असतील, तर त्या दिवशी नुसती इस्त्री फिरवून घेणं सगळ्यांत शहाणपणाचं. इस्त्री घरी करणार असाल तर केस पूर्ण कोरडे हवेत; ओल्या केसावर तापलेली इस्त्री ठेवली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात बुडबुडे होऊन तो तिथेच मोडतो. तापमान १८० अंशांच्या आत ठेवा. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना यातली कुठलीच रासायनिक ट्रीटमेंट नको. ब्लीच केलेल्या केसांवर थायोग्लायकोलेटही नको. आणि केसांना मेंदी किंवा कुठलीही काळी पावडर लागलेली असेल तर ती लपवू नका. स्वस्त मेंदीत धातूंचे क्षार मिसळलेले असले तर पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडून केस तापतात, रंग भलताच येतो, कधी केस हातात येतात.

काळी मेंदी काळी का होते

मेंदीच्या पानाचा रंग नारिंगी ते विटकरी असतो. राजस्थानातल्या सोजतची मेंदी घ्या नाहीतर अंगणातली वाटून लावा, काळा रंग तिच्यातून येत नाही. ‘काळी मेंदी’ दहा-पंधरा मिनिटांत केस काळे करते ती बहुधा तिच्यात मिसळलेल्या पॅराफेनिलीनडायअमीनमुळे, थोडक्यात पीपीडीमुळे. हाच पदार्थ बाजारातल्या बहुतेक कायमस्वरूपी काळ्या हेअर डायमध्ये असतो. डायच्या खोक्यावर निदान तसं लिहिलेलं असतं. पाकिटावर हिरवं पान छापलेल्या पावडरीत तो गुपचूप येतो.

पीपीडीची अ‍ॅलर्जी चमत्कारिक असते. वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि एक दिवस कपाळ, कान, पापण्या सुजून डोळे उघडत नाहीत. ‘मी तर दहा वर्षं हाच लावते’ हा म्हणूनच पुरावा नव्हे. एकदा अ‍ॅलर्जी सुरू झाली की ती जात नाही, आणि पुढच्या वेळी आणखी जोरात येते. पॅच टेस्टची चिठ्ठी प्रत्येक खोक्यात असते आणि प्रत्येक घरात ती आधी फेकली जाते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा डाय लावायचा आणि ४८ तास वाट पाहायची, इतकंच आहे. खाज, पुरळ, लाली आली तर तो डाय तुमच्यासाठी संपला. पार्लरमध्ये रूट टचअपला जायचं असेल तर दोन दिवस आधी जाऊन तिथलाच डाय कानामागे लावून घ्या. चांगल्या पार्लरला याचं आश्चर्य वाटणार नाही.

‘अमोनिया-फ्री’ या शब्दांनी फार जणांची गल्लत होते. अमोनिया केसाचे खवले उघडायला असतो आणि नाकाला झोंबतो. त्याच्या जागी बहुतेक वेळा इथेनॉलअमीन वापरतात, वास जातो. पीपीडी मात्र तिथेच असतं. अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ‘अमोनिया-फ्री’ पाहून खोका उचलणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्यांच्यासाठी शुद्ध मेंदी आणि नंतर नीळ, म्हणजे निळीच्या झाडाच्या पानांची पावडर, हा मार्ग आहे: पहिल्या दिवशी मेंदी, धुऊन दुसऱ्या दिवशी नीळ. गडद तपकिरी, कधी जवळजवळ काळा रंग येतो. वेळ जातो, न्हाणीघर रंगतं, केस थोडे कोरडे होतात. नीळही आधी थोडीशी लावून पाहा, आणि पाकिटावर मेंदी किंवा नीळ याखेरीज तिसरं नाव असेल तर परत ठेवा.

पांढरे केस तेलानं काळे होत नाहीत. मुळात रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी थकल्यावर उगवलेला केस पांढराच राहतो. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

तेल, शाम्पू आणि कोंडा

खोबरेलाची बाजू खरी आहे आणि ती जाहिरातीपेक्षा साधी आहे. २००३ मध्ये मुंबईतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना केली. केस धुताना वाहून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलानं कमी झालं. त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यानं तो केसाच्या आत शिरू शकतो. हे दोघं खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीत काम करत होते, हे सांगायला हवं. पण निष्कर्ष पटण्यासारखा आहे. तेव्हा न्हाण्याआधी एक-दोन तास केसांच्या लांबीला खोबरेल लावणं चांगलं. त्यानं केस वाढत नाहीत आणि गळणं थांबत नाही, इतकं ध्यानात ठेवलं की झालं. कुणी जोरजोरात तेल मुरवून देत असेल तर आराम मसाजचा. केस मोजू नका.

कोंडा असेल तर टाळूला तेल चोपडणं थांबवा. कोंडा कोरडेपणामुळे होतो ही जुनी समजूत. टाळूवर राहणारी मॅलसेझिया नावाची यीस्ट तेलातल्या मेदाम्लांवर वाढते, म्हणजे रात्रभर मुरवलेलं तेल हे तिचं जेवण. केटोकोनॅझोलचा २ टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस करून तीन ते पाच मिनिटं टाळूवर ठेवून मग धुवायचा, असं महिनाभर. लगेच धुतला तर पैसे नाल्यात गेले. सोललेले चट्टे जाड, चंदेरी आणि घट्ट असतील तर तो कोंडा नसून सोरायसिस असू शकतो, तिथे त्वचारोगतज्ज्ञ.

शाम्पूनं केस गळत नाहीत. मुळापासून आधीच सुटलेले केस तेवढे धुताना हातात येतात, आणि चार दिवसांनी धुतलं तर चार दिवसांचे एकदम येतात. घामानं भिजून लोकलनं ये-जा करणाऱ्यानं किंवा दिवसभर हेल्मेट घालणाऱ्यानं एक दिवसाआड डोकं धुतलं तरी काही बिघडत नाही. बोअरचं जड पाणी असलेल्या सोसायट्यांत केस राठ होतात ते पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या थरामुळे. तिथे अधूनमधून ईडीटीए असलेला शाम्पू वापरावा आणि शेवटचे दोन तांबे प्यायच्या पाण्याचे घ्यावेत. टँकरच्या गावात हा सल्ला चैनीचा आहे, मान्य.

केस गळतात तेव्हा

इथे आपण धागा सोडून मुळाकडे येतो, आणि इथेच पार्लरचं काम संपतं.

रोज पन्नास ते शंभर केस जाणं नैसर्गिक आहे. त्यापुढे गेलं तर आधी दिनदर्शिका उघडा. टायफॉइड, डेंग्यू, कोविड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, किंवा महिन्याभरात दहा किलो उतरवणारं डाएट: यांपैकी काही दोन-तीन महिन्यांपूर्वी झालं होतं का? शरीराला धक्का बसला की बरीच मुळं एकदम विश्रांतीला जातात आणि ते केस दोन-तीन महिन्यांनी मूठभर गळतात. घाबरवणारं दिसतं, पण कारण संपलेलं असतं आणि बहुतेकांचे केस सहा-आठ महिन्यांत आपोआप परत येतात. या काळात जे तेल सुरू केलं असेल त्याला श्रेय मिळतं. कित्येक ‘रामबाण’ तेलांची कीर्ती अशीच झालेली आहे.

भांग हळूहळू रुंद होत असेल, पुरुषांत कपाळ मागे सरकत असेल, तर ते आनुवंशिक आणि हार्मोनचं. ते आपोआप थांबत नाही. नाण्याएवढी गुळगुळीत जागा पडली असेल तर ती चाई. मुलांच्या डोक्यावर खवले आणि तुटके केस असलेला चट्टा बहुधा बुरशीचा असतो आणि त्याला पोटातूनच औषध लागतं. बाळंतपणानंतर, पाळी जास्त जात असेल तेव्हा आणि थकवा असेल तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यातल्या कितीजणी सीरम घेत असतील आणि लोहाची गोळी घेत नसतील, याची कल्पना करवत नाही.

कारण आत असू शकतं, याचं ठसठशीत उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस काही दिवसांत झडून टक्कल पडू लागलं. पाण्यापासून बुरशीपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून सांगितलं, की रेशनच्या गव्हात आणि रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त आहे आणि जस्त कमी आहे. त्या गावांत कुणी टाळूला काहीही चोळलं असतं तरी उपयोग नव्हता.

आनुवंशिक गळतीवर टाळूला लावायचं, भक्कम पुरावा असलेलं औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. मूळचं ते रक्तदाबाचं. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले तेव्हा त्याचा हा गुण कळला. अमेरिकेत ते पुरुषांसाठी १९८८ मध्ये आणि स्त्रियांसाठी १९९१ मध्ये मान्य झालं. कोरड्या टाळूवर लावायचं, केसांवर नाही. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, आणि नेमके तेव्हाच निम्मे लोक बाटली फेकून देतात. चार ते सहा महिने द्या. बंद केलं की मिळालेले केस जातात, हेही आधीच सांगून ठेवते. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी वापरू नये. हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. घरात मांजर असेल तर हात आणि उशी तिच्यापासून दूर ठेवा, तिला ते थोडंसंही विषारी ठरू शकतं. फिनॅस्टेराइडची गोळी पुरुषांसाठी आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

कांद्याच्या तेलामागे एक अभ्यास आहे: २००२ चा, बगदादमधला, छोटा, चाईच्या रुग्णांवर, आणि ताज्या कच्च्या कांद्याच्या रसाचा. त्याच्या बळावर सुवासिक तेलाची बाटली सर्वसाधारण केसगळतीसाठी विकणं ही हातचलाखी आहे. रोझमेरीचं तेल थोडं बऱ्या अवस्थेत आहे. इराणमध्ये २०१५ मध्ये १०० पुरुषांवर ते सहा महिने २ टक्के मिनॉक्सिडिलच्या बरोबरीनं वापरून पाहिलं आणि दोन्ही गटांत सारखाच, माफक फरक दिसला. पण काहीच न लावणारा तिसरा गट तुलनेला नव्हता. बायोटिनच्या गोळ्या कमतरता असेल तरच उपयोगी, आणि ती क्वचित असते. त्या घेत असाल तर थायरॉइडची किंवा हृदयविकाराची रक्ततपासणी करताना लॅबला सांगा. बायोटिनमुळे त्यांचे आकडे चुकतात. हेअर ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर ‘प्रत्यक्ष शस्त्रक्रिया कोण करणार’ हा प्रश्न पहिला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या सूचनांनुसार ते प्रशिक्षित डॉक्टरचं काम आहे, टेक्निशियनचं नाही.

चेहऱ्याची बिनलेबलची डबी

केसांवर इतकं लिहिलं, पण सगळ्यांत मोठा धोका कुठे आहे असं विचारलं तर मी त्या छोट्या गोल डबीकडे बोट दाखवीन. पार्लरवालीनं ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून दिलेली, लेबल नसलेली किंवा परक्या लिपीतलं लेबल असलेली गोरं करणारी क्रीम. आठवड्यात चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात, त्याही आणतात.

इतक्या झटपट चेहरा उजळवणाऱ्या डबीत सहसा दोनपैकी एक असतं. पारा असेल तर तो त्वचेचा रंग बनवणाऱ्या विकराला अडवतो, पण त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंड बिघडवतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली. तिघी स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली एकच क्रीम लावत होत्या, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत तिच्यात प्रचंड पारा सापडला. आपल्या कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा १ पीपीएमच्या वर चालत नाही. पायांवर, पापण्यांवर सूज आणि लघवीला न विरणारा फेस, या खुणा. लघवीतल्या प्रथिनांची साधी तपासणी कुठल्याही लॅबमध्ये स्वस्तात होते.

दुसरं म्हणजे स्टेरॉइड: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. ही औषधं वाईट नाहीत. चिठ्ठीवर, मोजक्या दिवसांसाठी. पण वांग घालवायला म्हणून महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठतं, लव वाढते. थांबवलं की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. यातून बाहेर पडायचं तर त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, एकट्यानं झटक्यात नाही. वांगावर पहिला उपाय सनस्क्रीनच आहे, आणि लोहाचे ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन साध्यापेक्षा चांगलं, कारण वांग साध्या दिसणाऱ्या प्रकाशानंही गडद होतो. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. आपण लावतो त्याच्या दुप्पट-तिप्पट.

डबी हातात घेतली की मागची बाजू पाहा: निर्मात्याचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, शेवटची तारीख, घटकांची यादी, परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. यातलं काही नसेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं येतात, पण एक टक्क्याखालचे कुठल्याही क्रमानं लिहायची मुभा असते. त्यामुळे पुढे ‘केशर’ मोठ्या अक्षरात असलं आणि यादीत ते सुगंधाच्या शेजारी शेवटी असलं, तर किती केशर असेल ते तुम्हीच ठरवा.

लग्नाचं वेळापत्रक

स्मूदनिंग करायचंच असेल तर निदान दीड महिना आधी. बिघडलं तर कापायला, सावरायला वेळ राहतो. रंग दोन-तीन आठवडे आधी, पॅच टेस्टसह, आणि स्मूदनिंगनंतर लगेच नाही. शेवटच्या महिन्यात चेहऱ्याला नवीन काहीही नको. फेशियल किंवा ब्लीच हळदीच्या आदल्या दिवशी करण्याची पद्धत आहे. चार-पाच दिवस आधी उरका, म्हणजे पुरळ आलंच तर बसतं. केस कमी असतील तर अंबाड्यासाठी गंगावन आहेच, आपल्या आज्या वापरत होत्या ते. चिकटवलेल्या एक्स्टेन्शनपेक्षा ते बरं, कारण रात्री काढून ठेवता येतं. फक्त दिवसभर घट्ट ओढून बांधू नका. कपाळाच्या कडेचे केस ताणानं कायमचे जाऊ शकतात.

काही बिघडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा ओठ-जीभ सुजली असेल तर तडक रुग्णालय. वापरलेली बाटली, डबी, निदान तिच्या सर्व बाजूंचे फोटो आणि पार्लरचं बिल जपून ठेवा. बिल मागायची सवय नसेल तर लावून घ्या, त्याशिवाय पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.